सव्वा हाताची मूर्ती

ब्रुसेल्सच्या ‘ग्रां-प्लास’ या भव्य चौकातून निघून पाचच मिनिटांत आम्ही ‘मॅनेकन पिस’समोर येऊन उभे राहिलो. मनात पहिला विचार आला तो, ‘एवढ्यासाठीच का ही पायपीट?’ गल्लीच्या कोपऱ्यावर, लोखंडी कठड्याआड, सुमारे 55 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा हात उंचीचे ब्राँझचे एक नागवे पोर कुंडात निःसंकोच लघुशंका करीत उभे!

त्याच्याविषयी दंतकथा अनेक. कोणी सांगतात, 1142 च्या लढाईत ब्राबांतच्या तान्ह्या ड्यूकला टोपलीत घालून झाडाला टांगले असता त्याने तेथूनच शत्रूवर धार धरली. कोणी म्हणतात, शहर उडविण्यासाठी पेटविलेली वात एका पोराने अशा रीतीने विझविली.

इतिहास याहून साधा आहे. पंधराव्या शतकापासून येथे पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक कारंजे होते. त्यासाठी 1619 मध्ये नगरपालिकेने जेरोम द्युकेन्वा या शिल्पकाराकडून ही मूर्ती करविली. 1747 मध्ये फ्रेंच सैनिकांनी ती पळविली, तेव्हा लोक इतके खवळले की पंधराव्या लुईने मूर्तीला जरीचा पोशाख व मानचिन्ह देऊन त्यांची समजूत घातली. 1817 मध्ये ती पुन्हा चोरीस गेली. 1965 च्या चोरीनंतर तिचे धड कालव्यात सापडले. आज मूळ मूर्ती नगर-संग्रहालयात आहे. कोपऱ्यावर उभी आहे ती प्रतिकृती. तरीही उत्सवमूर्तीप्रमाणे तिला वस्त्रे चढविली जातात. तिच्या पोशाखांची संख्या हजारावर गेली असून 2017 पासून त्यांचे स्वतंत्र संग्रहालयच आहे.

घरोघरी नळ आले आणि कारंज्याचे मूळ प्रयोजन संपले. लोकांचा जिव्हाळा मात्र संपला नाही. कारंज्याचे पाणी रोज हजार लिटरहून अधिक गटारात वाया जाते, असे काही वर्षांपूर्वी ध्यानात येताच तेच पाणी पुन्हा फिरविण्याची सोय 2019 मध्ये करण्यात आली.

हे वाचताना आम्ही जरा ओशाळलो. आपल्याकडेही नळ आले. पण त्याबरोबर कितीतरी हौद आणि बारवा बुजल्या. सरकारी सेवेत असताना अशाच एका जुन्या हौदाच्या फायलीवर ‘निरुपयोगी’ हा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला होता. त्या हौदाचीही काही कथा गावात सांगत असतील. ती विचारावी, असे आम्हांला तेव्हा सुचले नाही.