पोच: जांब समर्थची चोरी आणि तक्रारीची चारशे वर्षे

१/ ऑगस्ट २०२२. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब समर्थ या गावात श्रीराम मंदिरातील पंचधातूच्या पुरातन मूर्ती चोरीला गेल्या. हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आणि या मूर्ती त्यांच्या घराण्याच्या पूजेतील मानल्या जात. गुन्हा दाखल झाला, विधानसभेत विषय निघाला, तपासाची आश्वासने मिळाली.

२/ तरीही मूर्ती सापडेनात, म्हणून गावकऱ्यांनी आंदोलन केले. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस मूर्तींचा माग लागला आणि आरोपी पकडले गेले. चोरी आणि शोध यांच्यामध्ये सुमारे दोन महिने गेले. अशा मधल्या काळात तक्रारदाराच्या हाती काय असते? गुन्ह्याचा क्रमांक आणि प्रतीक्षा.

३/ तक्रार करणाऱ्याचा संताप बहुतेकदा या मधल्या काळात जन्मतो. निकाल विरुद्ध गेला तर माणूस हळहळतो. उत्तरच आले नाही तर तो पेटतो. या धाग्याचा विषय तोच: आपले गाऱ्हाणे ऐकले गेले याचा पुरावा रयतेला केव्हा, कसा आणि कोणत्या किमतीवर मिळाला?

४/ सुरुवात जांबपासूनच करता येते. इ. स. १६०८ मध्ये येथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा, म्हणजेच पुढील समर्थ रामदासांचा जन्म झाला. परंपरेनुसार या घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते. पाटील गावाचा प्रमुख, तर कुलकर्णी गावाची लेखणी. सारा, जमीन आणि देणेघेणे यांची नोंद त्याच्या दप्तरात असे.

५/ दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, ग्रंथ कसा जपावा, याचा विचार तेथे आढळतो. कागदावर नीट उतरलेली गोष्ट टिकते, ही जाण दप्तर सांभाळणाऱ्या समाजाची होती.

६/ त्या काळी वतनाचा किंवा हद्दीचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते लोक जमत. दोन्ही बाजूंचे म्हणणे व साक्षी घेतल्या जात आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची खूण कागदावर काढत. पाटलाची खूण नांगर.

७/ महजराचे बळ त्या खुणांत होते. निवाडा कोणासमोर झाला हे पुढच्या पिढीलाही दाखवता येई. मात्र या व्यवस्थेला गोंजारण्याचे कारण नाही. सभेत जातीची उतरंड होती, स्त्रियांचा आवाज क्षीण होता आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद तोच कधी सभेतला बलिष्ठ असे. गावाचा न्याय जवळ होता. तो सर्वांना समान मिळेच असे नव्हते.

८/ तक्रार गावाबाहेरच्या सत्तेविरुद्ध असेल तर? शिवाजी महाराजांचे इ. स. १६७३ चे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र येथे आठवते. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात तुटवडा पडेल, मग लष्करचे लोक कुणब्यांचे धान्य, गवत, लाकूड, भाजी ओढू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे.

९/ या पत्राचे मोल निराळे आहे. तेथे तक्रार येण्याची वाट पाहिलेली नाही. कोणत्या चुकीतून कोणते गाऱ्हाणे उगवेल याची साखळी आधीच मांडली आहे आणि जबाबदारी रयतेवर न टाकता अंमलदारावर टाकली आहे. तक्रार निवारणाची सर्वांत उत्तम पद्धत हीच. पण ती राज्यकर्त्याच्या दक्षतेवर अवलंबून असते, आणि दक्षता वारसाहक्काने मिळत नाही.

१०/ पुढे मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगाने जिल्हे पाडले, कचेऱ्या लावल्या. वरच्या कारभाराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू झाली. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा साहेबापर्यंत जायची तर ती प्रथम दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या हस्ताक्षरात जावी लागे.

११/ पलीकडच्या इंग्रजी मुलखात त्याच सुमारास तक्रारीला संघटनेचे रूप येत होते. पुण्यात पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी नाराजी होती. त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. एका देवस्थानाच्या गाऱ्हाण्यातून महाराष्ट्राच्या राजकीय जीवनातील एक महत्त्वाची संस्था उभी राहिली.

१२/ गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. सुमारे ६,००० लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे घेतलेले ९५ प्रतिनिधी सभेत होते. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारी प्रश्नाला दिलेले हे कागदोपत्री उत्तर होते. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. सहा हजारांचा अर्ज टाळणे अवघड जाते.

१३/ पण ज्यांच्याकडे सभा नव्हती, अर्जही नव्हता, त्यांचे काय? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाचा भाव वधारला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच नव्या मोजणीने सारा वाढला. शेतकरी कोर्टात गेला तर तेथे सावकाराचा कागद बोलत असे आणि त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे.

१४/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाने मागितले ते प्रामुख्याने कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या हाती येताच जाळण्यात आल्या. माणसांवरील हिंसा तुलनेने अल्प होती. आपले वैर कोणत्या वस्तूशी आहे हे शेतकऱ्यांना नेमके ठाऊक होते.

१५/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्यातील एक तरतूद फारशी सांगितली जात नाही: शेतकऱ्याने पैसे फेडले की त्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क, वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क, पासबुकाचा हक्क. इतके गाव पेटल्यावर मिळाले काय, तर कागदाचा एक तुकडा. पण तोच तुकडा नसल्याने गाव पेटले होते.

१६/ स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप बदलले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. जांबचे जिल्ह्याचे ठिकाण मात्र बराच काळ औरंगाबाद होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. एका सहीसाठी किती कोस जावे लागते, हाही तक्रारीच्या इतिहासाचाच भाग आहे.

१७/ स्वीडनने १८०९ मध्येच प्रशासनाविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची सोय केली होती. भारतात त्या धर्तीचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्ये केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्त संस्था प्रत्यक्षात आली. या बाबतीत महाराष्ट्र देशात पहिला. मर्यादा एवढीच की लोकायुक्तांचे मुख्य शस्त्र शिफारस हे होते.

१८/ कंपन्या आणि व्यापारी यांच्याविरुद्धची वाट ग्राहकांनी स्वतः शोधली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली. वकिलाशिवाय, अल्प खर्चात दाद आणि शक्यतो तीन महिन्यांत निकाल, हे त्याचे वचन होते. त्या वचनातील ‘शक्यतो’ हा शब्द पुढे फार जड ठरला.

१९/ जालन्यासाठी या कायद्याची खरी कसोटी बियाण्यांची होती. हा जिल्हा बियाणे उद्योगाचे केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथेच महिको स्थापन केली. अशा प्रदेशात पेरलेले उगवले नाही तर शेतकऱ्याने दाद कोठे मागायची? आणि पुरावा कोणता द्यायचा? पिशवीतील सारे बियाणे तर मातीत गेलेले असते.

२०/ प्रयोगशाळेत तपासण्यासाठी बियाण्याचा नमुना दिला नाही, असा बचाव विक्रेत्यांकडून होत असे. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. शेतकरी हा ग्राहक आहे आणि तपासणीसाठी त्याने बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. पुराव्याचे ओझे प्रथमच जरा हलले.

२१/ तरी २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तालुका समितीने शेतात येऊन पंचनामा करायचा असतो. पण पाऊस आणि पेरणीचा हंगाम समितीसाठी थांबत नाहीत. दुबार पेरणी केली तर पुरावा मोडतो, न केली तर वर्ष जाते.

२२/ पीकविम्याचेही तसेच. २०१६ पासूनच्या योजनेत स्थानिक आपत्तीने झालेले नुकसान ७२ तासांच्या आत कळवण्याची अट शेतकऱ्यावर होती. मुदती कंपनीवरही होत्या आणि २०१८ मध्ये विलंबावर १२ टक्के व्याजाची तरतूद आली. फरक परिणामांत पडतो. शेतकऱ्याची मुदत हुकली की दावा त्याच क्षणी अडचणीत येतो. कंपनीची हुकली तर तिला जाब विचारण्यासाठी शेतकऱ्याला आणखी एक तक्रार करावी लागते.

२३/ मुदतीला दंडाची जोड दिली ती माहितीच्या अधिकाराने. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राचा. ३० दिवसांत उत्तर. न दिल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखले व परवाने यांसाठी हीच रीत आणली; तेथे दंड ५०० ते ५,००० रुपये.

२४/ एव्हाना क्रम स्पष्ट होतो. आधी नोंद, मग पोच, मग मुदत, मग मुदत मोडणाऱ्यास दंड. महजराकडे नोंद होती, १८७९ च्या कायद्याने पावती दिली, १९८६ च्या कायद्याने मुदत सांगितली, २००५ च्या कायद्याने दंड जोडला. ज्या तक्रारीच्या मागे यांतील शेवटची पायरी नाही, तिची पोच मिळते आणि बहुधा पोचच मिळते.

२५/ पोलिसांतील फिर्यादीचा प्रवासही याच वाटेने झाला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फिर्यादीला प्रथम खबरीची प्रत विनामूल्य देण्याचे बंधन घातले. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे बंधनकारक ठरवले. नोंद आणि पोच मिळाली. पुढे काय चालले आहे हे कळवण्याची सक्ती नव्हती.

२६/ जांबच्या गावकऱ्यांनी आंदोलन केले ते या टप्प्यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस वा पीडितास कळवण्याचे बंधन आले आहे. कायद्याच्या भाषेत ही एक ओळ आहे. मंदिरातला रिकामा गाभारा रोज पाहणाऱ्या गावासाठी ती ओळ फार मोठी ठरली असती.

२७/ अर्थात ९० दिवसांनी उत्तर आले नाही तर काय, याचे उत्तर त्या ओळीत नाही. म्हणजे शेवटची पायरी अजून बांधायची आहे. चारशे वर्षांच्या या इतिहासात रयतेच्या मागण्या आपोआप पुऱ्या झाल्या नाहीत. प्रत्येक पायरीमागे कोणाचे तरी न ऐकलेले गाऱ्हाणे आहे. पुढच्या पायरीचे मूळही आज कोणत्या तरी कचेरीत, आवक क्रमांक पडून, उत्तराची वाट पाहत असेल.

(धागा समाप्त)