गोंदण : सोसलेली ठेव

1834 नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला आलेल्या कित्येक मराठी स्त्रियांच्या कपाळावर व हातांवर गोंदण होते. गावी गोंदणारी सुया काजळीच्या रंगात बुडवून अंगावर टोची. आई मुलीला मांडीवर घट्ट धरी. गोंदणारी गाणे म्हणून तिचे मन रमवी. शेवटी जखमेवर हळद व तेल लावीत. दागिने येथेच राहतात, गोंदण मात्र मृत्यूनंतरही सोबत येते, ही श्रद्धा कळ सोसण्याचे बळ देई.

पोर्ट लुई येथील नोंदवह्यांत मजुरांच्या अंगावरील खुणा ओळखीसाठी टिपल्या जात. कारकुनाच्या लेखी ती केवळ खूण होती. तिच्या लेखी माहेरची ठेव. समुद्र ओलांडूनही ती पुसली गेली नाही.