चर्चगेटमधलं चर्च

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही इतिहासाचं काहीतरी लिहा. पण सोसायटीचा इतिहास नको, तो सेक्रेटरी लिहिताहेत." मी आपला बँकेतला माणूस. बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर लेजर सांभाळलं. इतिहास माझा विषय नाही, छंद आहे. पण मागच्या दिवाळीत नातवाने एक प्रश्न विचारला, त्यावरून हा लेख सुचला.

आम्ही चर्चगेटला उतरलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, गेट कुठाय? आणि चर्च?"

गेट कधीच पाडलं. मुंबईच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तटबंदी पाडली आणि चर्च गेटच्या जागेवर फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. ज्या चर्चकडे या दरवाजातून रस्ता जायचा ते मात्र आजही जागेवर आहे. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, वीर नरिमन रोडवर, सेंट थॉमस कॅथेड्रल. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. रोज लाखो लोक या चर्चचं नाव घेऊन गाडीतून उतरतात, पण ते पाहिलेले किती निघतील?

मीही त्यातलाच. माझी फोर्टमधली नोकरी या चर्चपासून दोनशे पावलांवर होती. व्ही.टी.ला उतरून रोज त्याच्यासमोरून गेलो, पण कित्येक वर्षं आत पाऊल टाकलं नाही. चर्च म्हणजे आपलं नाही, आत कोणी हटकेल, असा एक संकोच. पहिल्यांदा गेलो ते २००३ च्या सुमारास, दुरुस्तीचं काम चालू असताना. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे-तिघे पाय मोकळे करायला निघायचो. एक दिवस फाटक उघडं दिसलं, पाड बांधलेली होती, गवंडी काम करत होते. बांधकाम चालू असलं की आपल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात.

तिथल्या मिस्त्रींची गोष्ट पुढे सांगतो. आधी हे चर्च बांधलं कसं ते ऐका, कारण सोसायटीच्या सभासदांना ती गोष्ट फार ओळखीची वाटेल.

गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६७६ च्या सुमारास, या चर्चचा पाया घातला. वर्गणी गोळा झाली, भिंती पंधरा-एक फूट वर आल्या आणि काम थांबलं. आँजियर १६७७ मध्ये सुरतेला वारला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं त्या भिंती बिनछपराच्या उभ्या होत्या. चाळीस पावसाळे! पैसे कुठे गेले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने १७२७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की पाच हजार पौंडांचा निधी जमला होता आणि तो सर जॉन चाइल्ड या बड्या अधिकाऱ्याने स्वतःसाठी वापरला. हॅमिल्टनचं आणि कंपनीच्या साहेबांचं फारसं पटत नसे, तेव्हा त्याचा शब्द थोडा पारखूनच घ्यावा. पण निधी होता आणि इमारत नव्हती, एवढं तर दिसत होतं. ऑडिटरला यापेक्षा जास्त काय लागतं?

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. त्याने त्या अर्धवट भिंती पाहिल्या आणि मनावर घेतलं. प्रवचनातून लोकांना टोचलं, वर्गणीची यादी पुन्हा उघडली, दूरदूरच्या वखारींना पत्रं लिहिली. थकबाकीदारांकडून वसुली करणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून या माणसाबद्दल मला आदर वाटतो. १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं.

त्या दिवशी रामा कामती नावाचा मुंबईतला बडा व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह समारंभ बघायला आला होता. उपासना संपेपर्यंत ही मंडळी थांबली, असं कॉबनेच पुढे १७६६ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय. हा रामा कामती म्हणजे ज्याने १७१५ मध्ये वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा बांधलं तोच. बाणगंगेचं जुनं देऊळ पोर्तुगीज काळात नष्ट झालं होतं. म्हणजे एकाच सुमारास या छोट्या बेटावर एक जण देऊळ उभं करत होता आणि दुसरा चर्च पुरं करत होता, आणि देऊळवाला चर्चवाल्याच्या उद्घाटनाला गेला होता. मला हे वाचून फार बरं वाटलं.

पण पुढचं वाचून वाईट वाटलं. दीड वर्षही झालं नसेल, १७२० मध्ये याच रामा कामतीवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला भरला गेला. पुरावा म्हणून पत्रं दाखवली, त्याच्या नोकराचा छळ करून कबुली काढली. मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगातच वारला. ती पत्रं बनावट होती असं इतिहासकार मानतात. चर्चच्या उद्घाटनाला हजर असलेले गव्हर्नर बून हेच तेव्हा सत्तेवर होते. आणि कॉब? कौन्सिलशी खटका उडून त्यालाही त्याच सुमारास मुंबई सोडावी लागली. ज्याने अडलेलं काम पुरं केलं, त्याला त्या चर्चमध्ये धड दोन वर्षंही मिळाली नाहीत.

नंतरचं थोडक्यात सांगतो. १८३७ मध्ये मुंबईला पहिले बिशप मिळाले, थॉमस कार, आणि चर्चचं कॅथेड्रल झालं. त्याच सुमारास आजचा मनोरा आला. १८६० च्या दशकात मोठा विस्तार करायचं ठरलं. ते दिवस शेअरच्या वेडाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. चर्चचा वेदीकडचा भाग नवा झाला, बाकीचा आराखडा पैशाअभावी गुंडाळला. दारातलं कारंजं मात्र त्या वेळचंच. पैसे कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांचे आणि आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने मुंबई कधी पाहिलीच नाही.

आता मिस्त्रींची गोष्ट. वय साठीच्या आसपास, डोक्याला पंचा. मी विचारलं, "एवढं काय ते घोटत बसता? सिमेंट मारलं की दोन दिवसांत काम उरकेल." ते हसले. म्हणाले, "साहेब, ही भिंत चुन्याची. ती श्वास घेते. पावसात पाणी पिते, उन्हात सोडते. वरून सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं. मग वर्षभराने पोपडा येतो आणि आतला दगडपण भुसभुशीत होतो." नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की ते शास्त्राला धरूनच बोलत होते. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू कडक होतो आणि तरी वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर घट्ट, त्यात ओल अडकते, ओलीबरोबर क्षार येतात आणि ते दगड फोडतात. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायची आपल्याकडची जुनी पद्धतही त्यांनी सांगितली.

निघताना ते आणखी एक वाक्य बोलले. "आधी पाणी येतंय कुठून ते शोधायचं. मग हात लावायचा."

त्या दुरुस्तीला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. पेपरात बातमी वाचून मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली, जणू चुना मीच घोटला होता.

आणि तरीही, दहा वर्षांनी मी काय केलं? आपल्या टेरेसच्या गळतीच्या वेळी खजिनदार मीच होतो, जुन्या सभासदांना आठवत असेल. तीन कोटेशनं आली. एकाने आधी आठ दिवस पाणी साठवून तपासणी करायची म्हटलं होतं, त्याचे पैसे वेगळे. मी सभेत म्हणालो, पाणी गळतंय ते दिसतंयच, तपासायचं काय? सर्वांत स्वस्त कोटेशन मी मंजूर करून घेतलं. जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर चायना मोझॅक. स्लॅबवर वजन वाढलं आणि पुढच्या जूनमध्ये गळती जिथल्या तिथे. पाणी स्लॅबमधून येतच नव्हतं. पॅरापेटच्या बुडाशी, पावसाच्या पाइपाजवळ भेग होती. सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन पावसाळे पलंगाशेजारी बादल्या ठेवून काढले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट हिशेब विचारायला गेलो की चहा द्यायच्या. आपली इमारत आर.सी.सी.ची, तिला चुना चालत नाही हे मला कळतं. पण मिस्त्रींचं ते शेवटचं वाक्य आर.सी.सी.लाही लागू होतं, आणि ते मी ऐकलेलं होतं. सोसायटीचे पैसे दुसऱ्यांदा खर्च झाले ते माझ्या घाईमुळे. हे त्या वेळच्या इतिवृत्तात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कॅथेड्रलमध्ये आत गेलात तर भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिलेख सावकाश पाहा. गव्हर्नर जोनाथन डंकनचं मोठं स्मारक आहे, काठेवाडातली बालिकाहत्या थांबवायचा प्रयत्न करणारे ते हेच. आणि परत येताना दादर-परळ भागात रस्त्याकडेला लक्ष ठेवा. तिथे जुने मैलाचे दगड आहेत, 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असं कोरलेले. कित्येक वर्षं ते फुटपाथखाली गाडले गेले होते, आता महापालिकेने त्यातले काही वर काढून नीट बसवलेत. मुंबईचं अंतर एकेकाळी या चर्चपासून मोजत.

नातवाला नाताळच्या सुट्टीत मी तिकडे नेणार आहे. सोसायटीतल्या आणखी कुणाला यायचं असेल तर नाव द्या, प्रार्थनेची वेळ टाळून सकाळच्या गाडीने जाऊ. वहिनींनी त्यांचं नाव आधीच दिलंय.