दुष्काळात आपल्या आयांनी अडवलेलं पाणी



आम्ही दिघीच्या. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी आणि मधे आमचं गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. आज बचत गटाच्या बैठकीला बसलो की निम्म्या जणींचं माहेर मराठवाड्यात नाहीतर सोलापूर-नगरच्या दुष्काळी भागात निघतं. इकडं का आलीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: गावाला पाणी नव्हतं, म्हणून काम नव्हतं. गरिबी आणि पाणी यांची अशी गाठ आहे. सरकारला ती कधी कळली आणि किती कळली, ते आज सांगतो.

१९७२ साल. जून महिन्यात स्टॉकहोमला पर्यावरणावर जगातली पहिली मोठी परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी तिथं गेल्या होत्या. गरिबांची गरज बाजूला ठेवून निसर्ग राखता येणार नाही, असं त्यांनी जगाला सांगितलं. त्याच वर्षी आपल्याकडं पाऊस रुसला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली. माणसं दुष्काळी कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. लाल मिलोची भाकरी, सुकडी आणि उन्हातली खडी आमच्या सासवांना अजून आठवते.

त्याआधीच वि. स. पागे यांनी एक विचार मांडला होता. ते विधान परिषदेचे सभापती आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम द्यावं आणि त्या कामातून गावाची जमीन सुधारावी, असं त्यांचं म्हणणं. १९६५ मध्ये त्यांनी आपल्या भागात तसा प्रयोग केला. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर. गरिबाला हक्क म्हणून काम देणारा देशातला हा पहिला कायदा.

यात आमच्या पट्ट्याचाही वाटा आहे. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. कराची जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनंही घालायची, असं ठरलं. पिंपरी-भोसरीच्या कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा असा दुष्काळी गावातल्या बांधावर पोहोचला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर तो कर दिसतो. पण तो कशासाठी लागला, हे फार थोड्या घरांत माहीत आहे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. सुरुवातीला खडी आणि रस्ते यांवरच भर होता. पुढं नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, झाडं लावणं अशी कामं वाढली. पाझर तलावातलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. म्हणजे ज्याची विहीर त्याला पाणी. तलावाची माती ज्या बाईनं डोक्यावरून वाहिली, तिला विहीरही नव्हती आणि रानही नव्हतं. तिला मजुरी मिळाली, पण काम संपलं की पुन्हा हात रिकामे. शिवाय वरचा डोंगर उघडा राहिला तिथं पहिल्या पावसात माती वाहून आली आणि तलाव गाळानं भरला. म्हणून आता जाणकार सांगतात की काम माथ्यापासून पायथ्याकडं करत यावं.

पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याच पुणे जिल्ह्यात धसाला लावला गेला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार. ७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं खडी फोडताना पाहून ते आणि कल्पनाताई नायगावला राहून कामाला लागले. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. सरकारी योजनेत जी गोष्ट राहून गेली होती, ती इथं पहिल्याच पानावर होती.

२००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तो महाराष्ट्राच्या अनुभवावर. त्यात पाणी अडवण्या-मुरवण्याच्या कामांना पहिलं स्थान दिलं आणि कामावर निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलं. कायदा चांगला लिहिला, तरी कोणतं काम घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं. आणि ग्रामसभेत बायका मागं बसतात.

म्हणून तुमच्या गटाला एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. या कामाचं पाणी कुणाच्या रानात जाणार? वरच्या डोंगराचं काय केलं? आणि पाच वर्षांनी गाळ कोण काढणार? उत्तर वहीत लिहून घ्या आणि खाली सरपंचांची सही घ्या.

आम्ही गाव सोडून इथं आलो. इथं २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं आणि आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो. कामाच्या मागं आलो तर काम मिळालं, पण पाण्याची चिंता सोबतच आली. तुमच्या गावात अजून नाला आहे, डोंगर आहे. तो राखला तर तुमच्या लेकींना दिघीची वाट धरावी लागणार नाही. आणि कधी पाहुण्या म्हणून आल्या, तर आमच्या घरी चहाला नक्की थांबा.