चीनविरोधी निर्बंध आणि चांद्याचा परिसर : १९६२ ते आज

चंद्रपूर : दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर नागपूरहून बल्लारशाहकडे जाताना भांदक स्थानक लागते. लगतचे भद्रावती शहर प्राचीन लेणी व जैन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. या शहराची दुसरी ओळख म्हणजे तेथील आयुध निर्माणी. हिमालयात झालेल्या एका युद्धामुळे दीड हजार किलोमीटरहून दूरच्या जंगलात हा कारखाना उभा राहिला. भारताने चीनविरुद्ध वेळोवेळी उचललेली राजनैतिक व आर्थिक पावले आणि चंद्रपूर-गडचिरोलीशी त्यांचा असलेला संबंध यांचा हा आढावा.

१९६२ : संबंध तुटले नाहीत, गोठले

तिबेटमधील व्यापाराविषयीचा १९५४ चा भारत-चीन करार आठ वर्षांच्या मुदतीचा होता. जून १९६२ मध्ये ही मुदत संपली आणि कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्याआधी १९६१ मध्येच भारताने पेकिंगमधील आपल्या राजदूतास माघारी बोलावले होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमण सुरू झाले व २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. मुंबई व कोलकात्यातील 'बँक ऑफ चायना'चे कामकाज बंद करण्यात आले. दोन्ही देशांनी परस्परांच्या भूमीवरील वाणिज्य दूतावासही बंद केले. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत भारतातच जन्मलेले अनेक जण होते.

एवढे होऊनही राजनैतिक संबंध पूर्णपणे तोडण्यात आले नाहीत. दूतावास राजदूताविना, कनिष्ठ पातळीवर सुरू राहिले. १९७६ मध्ये के. आर. नारायणन यांची राजदूत म्हणून नियुक्ती झाली, तेव्हा ही कोंडी फुटली.

भद्रावतीची निवड

नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे संरक्षण खाते सोपविण्यात आले. दारूगोळ्याची देशांतर्गत उत्पादनक्षमता वाढविणे ही त्या काळातील निकड होती. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाक युद्धाच्या वेळी अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला आणि परकीय पुरवठ्यावर विसंबण्यातील धोका पुन्हा स्पष्ट झाला.

याच दशकात विदर्भ-खानदेशात भंडारा, अंबाझरी (नागपूर), वरणगाव (जळगाव) व भद्रावती येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. सीमेपासूनचे अंतर, रेल्वेची सोय आणि विरळ वस्ती या तिन्ही दृष्टींनी तत्कालीन चांदा जिल्हा सोयीचा होता. भद्रावतीची निर्माणी प्रामुख्याने दारूगोळ्यात स्फोटके भरण्याचे काम करते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले व ती पुण्यात मुख्यालय असलेल्या 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे गेली. या निगमीकरणास कामगार संघटनांचा विरोध होता. युद्धाच्या गरजेतून मिळालेली सरकारी नोकरी पुढील पिढीलाही मिळेल काय, हा त्या विरोधामागील प्रश्न होता.

२०२० : बंदुकीऐवजी परिपत्रके

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. या वेळी प्रतिसादाचे स्वरूप मुख्यत्वे प्रशासकीय होते. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस सरकारी पूर्वपरवानगी आवश्यक करणारा निर्णय एप्रिलमध्येच झाला होता. २९ जून रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ नुसार ५९ चिनी मोबाइल अ‍ॅपवर बंदी आली. २३ जुलैला सरकारी निविदांचे नियम बदलून अशा देशांतील पुरवठादारांना नोंदणी सक्तीची करण्यात आली. हा नियम केंद्राचे सार्वजनिक उपक्रम व राज्यांनाही लागू केल्याने वेस्टर्न कोलफिल्ड्स व महानिर्मिती यांची यंत्रसामग्री खरेदीही त्याच्या कक्षेत आली.

महाराष्ट्रानेही तीन चिनी कंपन्यांसोबतचे सुमारे ५,०२० कोटींचे सामंजस्य करार स्थगित ठेवले. तळेगावचा मोटार प्रकल्प त्यांपैकीच एक. ती कंपनी पुढे मागे हटली व तो कारखाना ह्युंदाईकडे गेला.

व्यापार मात्र थांबला नाही. २०२४-२५ मध्ये चीनशी असलेली भारताची व्यापारतूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती.

पोलाद आणि सुरजागड

निर्बंध व संरक्षक शुल्क यांत भेद आहे. निर्बंध राजकीय कारणाने लादले जातात, तर संरक्षक शुल्क आयातीच्या लोंढ्यापासून देशी उद्योग वाचविण्यासाठी असते. २१ एप्रिल २०२५ पासून सपाट पोलादी उत्पादनांवर लावलेले १२ टक्के शुल्क दुसऱ्या प्रकारातील होय. मात्र विकसनशील देशांना सूट देताना चीन व व्हिएतनाम यांना त्यातून वगळण्यात आल्याने त्याचा रोख लपून राहिला नाही.

देशी पोलादाला असे संरक्षण मिळाले, की देशी लोहखनिजाचे मोल वाढते. येथे गडचिरोलीचा संबंध येतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे ३४८ हेक्टरवरील खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. सलग उत्खनन मात्र २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प आकारास येत असून, जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ४५ लाख टन वार्षिक क्षमतेच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

रोजगाराची आशा खरी आहे. आक्षेपही तितकेच खरे आहेत. सुरजागडचा डोंगर माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचे स्थान आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग असून, तेथे पेसा व वनहक्क कायदा लागू आहे. खाणींविरुद्ध परिसरातील ग्रामसभांनी ठराव केले असून, तोडगट्टा येथे दीर्घकाळ आंदोलनही झाले.

तणाव निवळतो तेव्हा

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी गस्तीविषयी सहमती झाल्याचे भारताने जाहीर केले. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा, चिनी पर्यटकांना व्हिसा व थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. राजनैतिक पावले अशी मागे घेता येतात. शुल्क कमी होते, बंदी उठते, राजदूत परततात. भद्रावतीतील कारखाना मात्र साठ वर्षांनंतरही तेथेच आहे, आणि सुरजागडच्या डोंगरातून काढलेले खनिज पुन्हा भरता येणार नाही. म्हणूनच परराष्ट्र धोरणाच्या नावाखाली घाई होत असेल, तर या दोन जिल्ह्यांत ग्रामसभेची संमती हा केवळ उपचार राहता कामा नये.

दृष्टिक्षेपात

१९५४ : तिबेट व्यापार करार
१९६२ : युद्ध, वाणिज्य दूतावास बंद
१९७६ : राजदूतांची पुन्हा नियुक्ती
१९८२ : चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा
२०२० : गलवान संघर्ष, ५९ अ‍ॅपवर बंदी
२०२१ : आयुध निर्माणींचे निगमीकरण
२०२५ : पोलादावर संरक्षक शुल्क, थेट विमानसेवा पूर्ववत