भिवंडी रोड, भिवपुरी रोड आणि उलटी वळवलेली नदी

आजचा भाग एका गोंधळापासून सुरू करते.

मी भिवंडीची. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीला सांगितलं, "मी भिवंडीला राहते." ती एकदम खूश. म्हणाली, "अगं, मग जवळच की! मी कर्जतची, एकच स्टेशन पुढे." तिला ऐकू आलं होतं भिवपुरी. आमचं भिवंडी रोड वसई-दिवा मार्गावर आणि तिचं भिवपुरी रोड कल्याण-कर्जत मार्गावर. तेव्हा आम्ही खूप हसलो. पण या दोन नावांचं खरंच एक नातं आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते नातं पाण्याचं आहे. आणि ते समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आधी आमच्या नळापासून सुरुवात करू. भिवंडी शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून येतं. मुंबई महापालिकेकडून, आमच्या वऱ्हाळा तलावातून आणि 'स्टेम'कडून. लहानपणी आई शेजारच्या काकूंना विचारायची, "आज स्टेमचं पाणी आहे का?" आणि मला वाटायचं, विज्ञानाच्या पुस्तकातल्या खोडाशी याचा काय संबंध? स्टेम म्हणजे शहाड-टेमघर. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं, आमच्याकडे टेमघरला ते शुद्ध करायचं आणि मग शहरांना द्यायचं. भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर, सगळे या योजनेचे वाटेकरी.

आता जरा विचार करा. उल्हास ही कोकणातली नदी. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम, मग कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत खाडीत. अशा नद्यांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. पावसाळ्याचे चार महिने दोन्ही काठ भरून आणि एप्रिल आला की पात्रात दगड मोजून घ्या. मग ऐन मे महिन्यात शहाडला पाणी कुठून येतं?

त्याची दोन मोठी उत्तरं आहेत. एक, बदलापूरजवळचं बारवी धरण. आणि दुसरं, भिवपुरीचं वीजघर. आजची गोष्ट या दुसऱ्या उत्तराची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई डोळ्यांसमोर आणा. गिरण्यांची शहरभर पसरलेली धुराडी आणि वाफेसाठी जळणारा कोळसा. तोही दूरच्या खाणींतून आणलेला, म्हणजे महाग. मुंबईच्या डोक्यावर सह्याद्री उभा, तिथे धो धो पाऊस. त्या पाण्यावर वीज करून गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले. पुढे त्यांच्या मुलांनी काम तडीला नेलं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं.

आता या योजनेतली खरी गंमत बघा. भिवपुरीला पाणी पुरवणारं ठोकरवाडी धरण उल्हास नदीवर नाहीच! ते घाटाच्या वर, पुणे जिल्ह्यातल्या मावळात, आंद्रा नदीवर आहे. नावावरून फसू नका, आंध्र प्रदेशाशी तिचा काही संबंध नाही. ही आंद्रा पूर्वेकडे वाहते. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला मिळते, भीमा पंढरपूर करून कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला थेंब अरबी समुद्राच्या इतका जवळ असूनही पाठ फिरवून सगळं दख्खन ओलांडून जातो.

टाटांच्या अभियंत्यांनी त्या थेंबाला उलटं वळवलं. नदी अडवली, डोंगरातून बोगदा काढला आणि पाणी मोठ्या पाइपांतून पश्चिमेला, कोकणात खाली सोडलं. तळाला टर्बाइन.

एवढा खटाटोप कशासाठी? उंचीसाठी. पूर्वेला नदी हळूहळू उतरते, पश्चिमेला मात्र कडा आहे. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. आपल्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तेवढं पाणी ५०० मीटरवरून टर्बाइनवर सोडलं, तर साधारण एक युनिट वीज मिळते. तेच पाणी २५ मीटर उंचीच्या धरणावरून सोडलं, तर विसावा भाग. आमच्या भिवंडीच्या भाषेत सांगायचं, तर साध्या लूमला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर लागते. म्हणजे ती एक टाकी एक लूम तासभर सहज चालवेल.

टर्बाइन फिरवून झालं, वीज मुंबईला गेली. मग पाण्याचं काय? त्यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे, 'अवजल'. वापरून झालेलं, उरलेलं पाणी. भिवपुरीचं अवजल पेज नदीत जातं आणि पेज उल्हासला मिळते. वीज बारा महिने लागते, म्हणून अवजलही बारा महिने येत राहिलं. त्यामुळे पेज बारमाही झाली. कर्जत तालुक्यात राजनाला कालव्यावर उन्हाळी भात होऊ लागला. उल्हासला उन्हाळ्यात धार राहिली. पुढे कल्याण, उल्हासनगर, भिवंडी वाढत गेली, कारखाने आले आणि सगळ्यांनी या धारेला पंप लावले.

१९२२ मध्ये ज्यांनी हे वीजघर बांधलं, त्यांना गिरण्यांसाठी वीज हवी होती, अवजल उरलंसुरलं होतं. आज मुंबई परिसराला वीज द्यायला इतर कितीतरी केंद्रं आहेत. पण मे महिन्यातल्या उल्हासला पर्याय सापडणं अवघड आहे. म्हणजे उपउत्पादनच मुख्य होऊन बसलंय.

इथे एक गैरसमज दूर करते. धरण आहे म्हणजे पूरही थांबत असेल, असं वाटतं ना? २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ठोकरवाडी घाटापलीकडचं पाणी अडवते. कोकणात उल्हासच्या खोऱ्यात कोसळणारा पाऊस ती कसा अडवणार? हे धरण उल्हासला उन्हाळ्यात पाणी देतं, पावसाळ्यात तिला आवर घालत नाही.

पण थांबा. हे पाणी काही फुकट आलेलं नाही.

आंद्रेच्या खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. पुढे टाटांनी मुळशीला तिसरा मोठा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा मात्र मावळे उठले. १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना आपण 'सेनापती' म्हणतो, ते याच लढ्यामुळे. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक. १९२४ पर्यंत लोक तुरुंगात जात राहिले. शेवटी धरण झालंच. मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरतं आणि कुंडलिकेत जातं, आमच्याकडे येत नाही. पण रीत तीच. वरच्यांची जमीन, खालच्यांची सोय.

आणि दुसरा हिशेब पूर्वेचा. आंद्रा न वळवती, तर ते पाणी भीमेत गेलं असतं, म्हणजे उजनी धरणात, म्हणजे सोलापूरला. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद झाला, तेव्हा १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने १९७६ च्या अंतिम निवाड्यात या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्यालाही मर्यादा घालून दिली. दुष्काळी वर्ष आलं की मागणी पुन्हा वर येते, टाटांच्या धरणांचं पाणी भीमा खोऱ्याला परत द्या.

आमच्या चाळीत पद्मशाली समाजाची कुटुंबं होती. भिवंडीत लूमवर काम आणि अर्धे नातेवाईक सोलापुरात, तेही विणकामात. चादरी आणि टॉवेलचं गाव ते. माझ्या मैत्रिणीची आत्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली की पहिला प्रश्न, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं गं?" आमच्याकडे दिवसाआड आलं तरी आई कुरकुरायची. आत्या हसायच्या. म्हणायच्या, "दिवसाआड? मग चैन आहे तुमची!"

तेव्हा मला हा विनोद वाटला होता. आता कळतं, त्या दोन्ही बायका एकाच पाण्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या. एक कापडाचं गाव पश्चिमेला, एक पूर्वेला आणि मध्ये सह्याद्रीवर शंभर वर्षांपूर्वी काढलेला बोगदा.

मग काय, पाणी परत द्यायचं? सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ठोकरवाडीत साधारण १२ टीएमसी पाणी मावतं, उजनीत ११७. एवढ्याने सोलापूरचा दुष्काळ मिटणार नाही, आणि अचानक बंद केलं तर उल्हासकाठची लाखो माणसं तहानलेली राहतील. पण म्हणून 'पाणी आमचंच' असंही मला म्हणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ते गिरण्यांसाठी वळवलं गेलं, तेव्हा भिवंडीला कुणी विचारलं नव्हतं आणि सोलापूरलाही नाही. यापुढचा निर्णय तरी दोन्ही गावांना समोरासमोर बसवून व्हावा. आणि तोवर निदान आम्ही भिवंडीकरांनी गळक्या पाइपांतून, वाहत्या टाक्यांतून हे पाणी गटारात घालवू नये. सोलापूरच्या आत्यांसमोर मान खाली जाईल असं काही करू नये, एवढंच.

आजचा गृहपाठ! तुमच्या नळाचं पाणी कुठल्या नदीचं, ती नदी मुळात कुठे जात होती आणि वाटेत कुणाची जमीन बुडाली, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात आपण त्या ऐकू. तोपर्यंत, पाणी जपून वापरा आणि ऐकत राहा!