दोन हजार वारांची वर्गणी

बेळगावचे १९२४ चे काँग्रेस अधिवेशन आम्हा उचगावकरांना ठाऊक असते ते गांधीजींच्या अध्यक्षतेखालील एकमेव अधिवेशन म्हणून. २६-२७ डिसेंबरच्या त्या अधिवेशनातला सूतकताईचा ठराव मात्र आपण विसरलो. काँग्रेसचे सभासद व्हायचे तर दरमहा २००० वार सूत स्वतः कातून द्यायचे; न जमल्यास दुसऱ्याकडून कातवून घ्यायचे. म्हणजे महिन्याला मैलाहून लांब धागा! वकील असो वा शेतकरी, वर्गणी एकच.

ही अट टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला वर्षाला चार आण्यांचा पर्याय आला. सूत कातणाऱ्यांसाठी अखिल भारत चरखा संघ निघाला. बेळगावचे स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांनी मात्र आपल्या हुदली गावात खादी रुजवली. १९३७ मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले.

आज उत्सवात कोणी चरखा चालवून दाखवला की आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. त्याऐवजी टकळी आणि पेळू पाहणाऱ्याच्याच हाती द्यावेत. धागा तुटेल, सांधावा लागेल, पुन्हा तुटेल. दोन हजार वारांचे मोल तेव्हाच आपल्या मुलांना कळेल.